इच्छा देवाच्या हाती सोपवायची म्हणजे नेमकं करायचं काय? (युवासंघाच्या अभ्यासासाठी)

शनिवारसंघ

सर्वांना जय ख्रिस्त आणि सलाम, ज्याला जे चालतं ते.

पुढच्या महिन्यातले चार शनिवार आमच्या युवासंघात एकच विषय घ्यायचा ठरलाय: आपली इच्छा देवाच्या इच्छेखाली ठेवणं. वीसेक पोरं-पोरी आहेत, बारावी झालेल्यांपासून पहिली नोकरी धरलेल्यांपर्यंत. बेळगाव कॅम्पातल्या कॅथलिक घरातली आहेत, मेथडिस्ट आहेत, खानापूर-नंदगडकडून शिकायला येऊन खोली करून राहिलेली आहेत.

अडचण अशी की ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे सगळ्यांना पाठ आहे. प्रार्थनेच्या शेवटी शिक्का मारल्यासारखं ते येतं, आमेन होतं, सगळे उठतात. पुण्याची नोकरी घ्यायची की इथल्या उद्यमबागेतल्या कारखान्यातली धरून ठेवायची, घरच्यांनी आणलेल्या स्थळाला हो म्हणायचं की नाही, हे जिथल्या तिथं.

प्रवचन नको, ते भरपूर होतं. कुठला उतारा घ्यायचा, किती वेळ द्यायचा, कागदावर काय लिहायचं, पोरं कुठं फसतात ते सांगा. आणि मूळ प्रश्न: आपल्याला हवं ते आधी मागायचं आणि मग सोपवायचं, की मागायचंच नाही?

घटप्रभा

मागायचं. आधी मागायचं. गेथशेमाने वाचा, म्हणजे अटकेच्या रात्री येशूने बागेत केलेली प्रार्थना, मत्तय २६:३६ ते ४६, पण घाई न करता. आपण ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको’ एवढंच लक्षात ठेवतो. त्याच्या आधी येशूने स्पष्ट मागितलंय, हा प्याला टळू दे. जे मागितलंच नाही ते सोपवणार काय?

दुसरी गोष्ट. तो एकदा नाही, तीनदा प्रार्थना करतो. ३९ व्या ओवीत ‘शक्य असेल तर टळू दे’ असा रोख आहे. ४२ व्या ओवीत रोख बदललाय: प्यायल्याशिवाय हा टळत नसेल तर तुझी इच्छा. ४४ व्या ओवीत पुन्हा तेच शब्द. मधे दोनदा उठून शिष्यांकडे येतो, ते झोपलेले. म्हणजे प्रभूलासुद्धा हे एका बैठकीत उरकलेलं नाही, आणि सोबतीला जागं कुणी नव्हतं. पोरांना हे आधी सांगा. नाहीतर एकदा ‘सोपवलं’ म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा छाती धडधडली की त्यांना वाटतं आपला विश्वासच खोटा.

कागदासाठी मार्क १४:३६ घ्या. एकाच ओवीत चार भाग क्रमाने आहेत. देवाला बाप म्हणून हाक, तुला सगळं शक्य आहे ही कबुली, मग मागणं, मग ‘तरी तुझी इच्छा’. प्रत्येकाने आपल्या प्रश्नावर हे चार भाग चार ओळींत लिहायचे, पंधरा मिनिटं पुरतात. फसगत तिसऱ्या ओळीत होते. ‘मला चांगला मार्ग दाखव’ असलं गुळमुळीत लिहितात, कारण खरं लिहायला लाज वाटते. तिथं ‘मला पुण्याला जायचंय, घरात राहून घुसमट होते’ असंच यायला पाहिजे. तिसरी ओळ खोटी असेल तर चौथीला अर्थ नाही.

निपाणीचा_पाव्हणा

घटप्रभाताई, पटलं. पण एक शंका. मागायचं आणि वर ‘तरी तुझी इच्छा’ जोडायचं, ही पळवाट नव्हे काय? मिळालं तर प्रार्थना फळली, नाही मिळालं तर प्रभूची इच्छा. देव दोन्हीकडून पास.

आमच्याकडं तर प्रत्येक गोष्टीला ‘प्रभूची इच्छा असली तर’ लावतात. वर्गणी कधी देणार? प्रभूची इच्छा असली तर. प्रभूची इच्छा असते हो, खिशाची नसते.

घटप्रभा

पळवाट तेव्हा होते जेव्हा दुसऱ्या उत्तराची तयारी नसते. पाव्हणं, नव्या करारातलं याकोबाचं पत्र ४:१३ पासून वाचा. बोलणारे व्यापारी आहेत: अमुक गावी जाऊ, एक वर्ष राहू, धंदा करू, नफा मिळवू. याकोब त्यांच्या बेताला नाही म्हणत नाही. उद्या काय होईल हे माहीत नसताना खात्री धरून बसलेत त्याला बढाई म्हणतो. आणि १७ व्या ओवीत लगेच येतं की चांगलं काय ते कळून जो करत नाही त्याचं ते पाप. म्हणजे तुमच्या वर्गणीवाल्याला त्याच अध्यायात उत्तर आहे.

बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा हे लूक १४:२८ मध्ये खुद्द प्रभूचं वाक्य. हिशेब न करता ‘देव बघेल’ म्हणणं याला सोपवणं म्हणत नाहीत.

मोहरीचा_दाणा

निर्णयाच्या प्रश्नांसाठी संत इग्नाती लोयोलांची पद्धत घ्या. त्यांची साधना १५४८ मध्ये पोपनी मान्य केली, तेव्हापासून येशूसंघी (इग्नातींनी काढलेल्या संघातले, म्हणजे जेजुइट) आणि त्यांच्याकडं रिट्रीट (एकांतात प्रार्थना) करणारे ती वापरत आलेत. पूर्ण साधना साधारण तीस दिवसांची असते, पण निवड करण्याचा भाग वेगळा काढून पोरांना देता येतो.

सुरुवातीला प्रश्न गाळून घ्यायचा. ज्यात पाप आहे त्यावर ही पद्धत चालवायचीच नाही, तिथं उत्तर आधीच ठरलंय. लग्न झालंय, गुरुदीक्षा झालीय, असल्या न मोडता येणाऱ्या गोष्टीही पुन्हा तराजूत घालायच्या नाहीत. उरतं ते दोन्ही बाजूंनी चांगलं किंवा निदान निर्दोष असलेलं. मग प्रश्न एका वाक्यात, हो-नाही उत्तर येईल असा. ‘माझ्या आयुष्याचं काय’ हा प्रश्न कागदावर मावत नाही. ‘पुण्याची ऑफर पुढच्या सोमवारच्या आत स्वीकारू का’ हा मावतो.

मग कागदाला दोन घड्या घालून चार रकाने: घेतल्याचे फायदे, घेतल्याचे तोटे, न घेतल्याचे फायदे, न घेतल्याचे तोटे. लिहिण्याआधी मागायचं ते हे, की मन दोन्हींकडं सारखं मोकळं राहू दे. हा भाग सोडून लगेच पेन उचलतात आणि तिथंच सगळं बिघडतं. पहिला रकाना पानभर, तिसऱ्यात दीड ओळ. म्हणजे मनानं आधीच ठरवलंय, कागद फक्त सही घ्यायला आणलाय. असं झालं तर त्या दिवशी थांबवायचं आणि दुसऱ्या दिवशी उलट्या टोकापासून भरायला लावायचं. दुसरी चूक म्हणजे ‘घेतल्याचे फायदे’ उलटे करून ‘न घेतल्याचे तोटे’ मध्ये उतरवतात. नवीन मुद्दा असेल तरच लिहा असं बजावा. ओळी मोजायच्या नाहीत. वजन बघायचं, आणि वजन कशानं पडतं ते बघायचं: हौसेनं, भीतीनं, की देवाच्या सेवेच्या विचारानं.

कौल दिसत नसेल तर इग्नातींच्याच तीन कल्पना आहेत. कधी न पाहिलेला एक माणूस हाच प्रश्न घेऊन आला, त्याचं भलं व्हावं असं मनापासून वाटतंय, तर त्याला काय सांगाल? मरणाच्या घटकेला यातलं काय केलेलं असावं असं वाटेल? न्यायाच्या दिवशी? पोरांना पहिली सगळ्यात जास्त लागू पडते.

शेवटी निर्णय घेऊन थेट कामाला लागायचं नाही. तो प्रार्थनेत देवापुढं ठेवायचा आणि स्वीकार असेल तर पक्का कर म्हणायचं. काही दिवस बघायचं. आणि एक नियम मोठ्या अक्षरात लिहा: मन कोरडं, अंधारलेलं, उदास असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही.

तिसरं_गेट

माफ करा, पण हा एमबीएचा तक्ता झाला. वचन कुठाय यात?

देवाची इच्छा शोधायला निघतात आणि जी लिहून ठेवलीय ती वाचत नाहीत. १ थेस्सलनी ४:३, तुमचं पवित्रीकरण ही देवाची इच्छा. त्याच पत्रात ५:१८, सर्व स्थितीत उपकार माना, ही देवाची इच्छा. मीखा ६:८, न्यायाने वाग, दया कर, नम्र हो. पुण्यात जाऊनही हेच करायचंय, बेळगावात राहूनही हेच. पोरगं विचारतं ‘प्रभू, कुठली कंपनी’ आणि रूमपार्टनरचे पैसे दिलेले नसतात. आधी ते देऊ दे.

रोमकरांस १२:१-२ चा क्रम बघा. आधी शरीर जिवंत यज्ञ म्हणून अर्पण, मग मनाचं नवीकरण, मग इच्छा पारखून समजणं. आपण उलटे जातो: आधी इच्छा सांग, मग बघतो अर्पण करायचं की नाही.

मोहरीचा_दाणा

तिसरं गेट, तुम्ही सांगितलं ते तक्त्याच्या आधी येतं, मी वर ‘गाळून घ्यायचा’ म्हटलं ते तेच. पण पैसे दिल्यावरही पुणे की बेळगाव हे राहतंच की.

आणि तुमच्या ‘मग बघतो’ वरून आठवलं, इग्नातींनी तीन प्रकारच्या माणसांचा एक विचार दिलाय. प्रत्येकाकडं दहा हजार सोन्याची नाणी आलीत, वाईट मार्गानं नाही, पण निव्वळ देवासाठीही नाहीत. पहिल्याला त्यांचा मोह सोडायचाय, मरेपर्यंत उद्या-उद्या करतो. दुसऱ्याला मोह सोडायचाय पण नाणी ठेवून, म्हणजे देवानंच त्याच्या बाजूला यावं. तिसऱ्याला ठेवायची की सोडायची दोन्ही सारखं, देव म्हणेल तसं. पोरांना विचारा आपण कुठले. सगळे दुसरे निघतात, आणि तेवढं कबूल झालं तरी शनिवार सार्थकी.

कुंदाप्रेमी

डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट ठेवायचं, ही पद्धत कुणीच सांगितली नाही अजून? आमच्या भागात तीच चालते.

१ इतिहासात बोट पडलं तर पहिले नऊ अध्याय वंशावळ. मुलगी बघायला जायचं की नाही याचं उत्तर शोधा त्यातून. जरा अलीकडं लेवीय ११ ला पडलं तर खूर दुभंगलेला आहे का आणि रवंथ करतो का, हे बघून स्थळ ठरवा.

तिसरं_गेट

😀 हसताय खरे, पण वचनाच्या चिठ्ठ्यांचा डबाही त्यातलाच. सकाळी एक चिठ्ठी उत्तेजन म्हणून वाचा, कोण नको म्हणतंय? तिच्यावर जमीन विकायची नाही. डब्यात सगळी आशीर्वादाचीच वचनं असतात, ‘नको’ म्हणणारी चिठ्ठीच नसते. मग उत्तर नेहमी हो येतं यात नवल काय.

गिदोनाची लोकर पण सांगतात, म्हणजे लोकर रात्री बाहेर ठेवून दवावरनं देवाकडं खूण मागितली ती. शास्ते ६ नीट वाचा. त्याला १४ व्या ओवीतच स्पष्ट आज्ञा झालीय. लोकर ३६ व्या ओवीपासून. इच्छा माहीत होती, धीर नव्हता. देवानं सांभाळून घेतलं ही कृपा. तिची रीत करू नका. चिठ्ठ्या टाकणं म्हणाल तर प्रेषितांची कृत्ये १:२६ ला यहूदाच्या जागी मत्थियाची निवड झाली, पुढच्या अध्यायात पवित्र आत्मा उतरला, त्यानंतर मंडळीनं चिठ्ठ्या टाकल्याचं नव्या करारात कुठं नाही.

मलप्रभा

आतापर्यंत सगळे स्वतःच्या इच्छेबद्दल बोलालाय. दुसऱ्याच्या गळ्यात ‘देवाची इच्छा’ बांधतात त्याचं काय?

‘प्रार्थनेत मला दाखवलंय, तू याच मुलाशी लग्न कर.’ ‘सहन कर, देवाची इच्छा आहे.’ शनिवारसंघ, तुमच्या गटात निम्म्या मुली असतील. त्यांना चार रकान्यांच्या आधी हे सांगा: दुसऱ्यासाठी देवाची इच्छा कुणी प्रथमपुरुषी सांगत असेल, तर ती ऐकणाऱ्याच्या मनातही देव बोलल्याशिवाय बंधनकारक नाही. मग तो पाळक असो, फादर असो, प्रार्थना सभेतली ताई असो. आणि सांगणाऱ्याचा त्यात फायदा किती आहे ते बघायचं. स्थळ सांगणाऱ्याच्या नात्यातलं आहे काय?

मरियेचं उदाहरण देताना लूक १:३८, देवदूताच्या निरोपाला तिनं दिलेला होकार, एकटं देऊ नका. ३४ व्या ओवीत तिनं विचारलंय, हे कसं होईल? प्रश्न विचारला, उत्तर आलं, मग हो. देवदूतानं तिच्या वडिलांना किंवा योसेफाला विचारलेलं नाही, तिला विचारलंय.

मारहाण सहन करणं म्हणजे देवाच्या अधीन होणं नव्हे, मारणाऱ्याच्या अधीन होणं आहे. २००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, त्याखाली त्याच घरात राहण्याचा हक्क मागता येतो. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. हे नंबर अभ्यासाच्या कागदावर खाली छापा. प्रेषित म्हणाले ना, मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, प्रे. कृत्ये ५:२९. ते घरातल्या मनुष्यांनाही लागू आहे.

घटप्रभा

मलप्रभा, पूर्ण सहमत. यातच आजारपण जोडते. ‘देवाची इच्छा असेल तर बरा होईल’ म्हणून बीपीची गोळी बंद करणारे आहेत. २ राजे २० मध्ये आजारी राजा हिज्कीया रडून प्रार्थना करतो, देव पंधरा वर्षं वाढवून देतो, आणि लगेच ७ व्या ओवीत यशया संदेष्टा अंजिरांचा लेप गळवावर लावायला सांगतो. वचन मिळाल्यावरही लेप लावला. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही, एवढं साधं आहे.

गोकाक_फॉल

मेथडिस्ट पोरं आहेत म्हणालात तर त्यांच्या घरातली गोष्ट त्यांना द्या. १८२० मध्ये लंडन मिशननं बेळगावात काम सुरू केलं, पुढं ते मेथडिस्टांकडं आलं. मेथडिस्टांकडं कराराची उपासना असते, सहसा नवीन वर्षाच्या पहिल्या रविवारी. जॉन वेस्ली यांनी ती ११ ऑगस्ट १७५५ ला लंडनमध्ये पहिल्यांदा घेतली, त्यासाठी आधीच्या प्युरिटन पाळकांचं लिखाण वापरलं.

त्या प्रार्थनेचा गाभा इच्छा सोपवणं हाच. मी आता माझा नाही, तुझा आहे. तुला वाटेल त्या कामाला लाव, वाटेल त्यांच्या पंक्तीला बसव. करायला लाव किंवा सोसायला लाव. तुझ्यासाठी कामात घे किंवा बाजूला ठेव. भरलेला ठेव किंवा रिकामा. त्यातलं ‘बाजूला ठेव’ म्हणताना लोकांचा आवाज बारीक होतो. सोसायला तयार असतात, त्यात मान आहे. खुर्ची सोडायला कोण तयार?

वेस्लींच्या काळी लोकांना आधी काही दिवस विचार करायला दिले जायचे, आणि उपासना प्रभुभोजनानं संपायची. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी पुस्तकातून एका दमात वाचून काढतात. पोरांना आठवडाभर आधी मजकूर द्या, ज्या वाक्याला ते अडतील तिथं खूण करू दे. तिसऱ्या शनिवारी फक्त त्या खुणांवर बोला.

निपाणीचा_पाव्हणा

‘बाजूला ठेव’ हे वाक्य कमिटीच्या निवडणुकीच्या आदल्या रविवारी म्हणून घ्यायला पाहिजे. खजिनदाराकडनं आधी.

काजूबी

खानापूरकडनं विचारालोय. आमच्याकडं जुन्या गोव्याला चालत जातात, सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताला. अनमोड घाट उतरून. कितीक जण नवस बोलून जातात, पोराला नोकरी लागू दे, मग चालत येतो. हे सोपवण्यात बसतंय काय? इथले प्रोटेस्टंट लोक काय म्हणतील ते माहीत आहे, कॅथलिकांनी सांगा.

मोहरीचा_दाणा

नवस हा चर्चमध्ये मान्य प्रकार आहे, पण देवाला घातलेली अट म्हणजे नवस नव्हे. जुन्या करारातल्या याकोबानं (वरच्या पत्रातला नव्हे) बेथेलला तसलीच अट घातली होती, उत्पत्ती २८:२०-२२: अन्न दे, वस्त्र दे, सुखरूप परत आण, मग तू माझा देव. वीस वर्षं मामा लाबानाकडं राबून, रात्रभर देवाशी झोंबी खेळून आणि लंगडत तो सुधारला.

चालत जावं, खुशाल. फक्त क्रम बदलावा. नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) २४ नोव्हेंबर ते २ डिसेंबर, फेस्त ३ डिसेंबरला. नोकरी लागो न लागो, जातोय, असं म्हणून निघालं तर तेच पाऊल अर्पण होतं. घातलेला नवस मात्र फेडावा, उपदेशक ५:४-५. आणि पोराच्या नोकरीसाठी आईनं नवस बोलून पोराला चालायला लावायचं, असं करू नये. दुसऱ्याच्या पायाचा नवस बोलता येत नाही.

तिसरं_गेट

प्रोटेस्टंट काय म्हणतील ते म्हणालो नाही, नोंद घ्यावी.

कुंदाप्रेमी

चालणाऱ्यांनी नवीन बूट घालून निघू नये, दोन जोड मोजे, घाटात पहाटे उतरावं, काठीला चमकणारी पट्टी चिकटवावी, ट्रक असतात…

संपादक

पदयात्रेचा वेगळा धागा आहे, बूट-मोजे तिकडे. इथं मूळ विषयावर राहू या.

मार्कंडेय_काठ

निर्णय रोज नसतात, सोपवणं रोज असतं. त्यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

‘सगळं तुझ्या हाती’ हे वाक्य कामाचं नाही. फार मोठं आहे, त्यात काही दिसत नाही. फिलिप्पै ४:६ मध्ये आपली मागणी देवाला कळवा असं आहे, म्हणजे नाव घेऊन. सकाळी एकच गोष्ट घ्यायची आणि तिचे तीन वाटे करायचे: माझ्याकडचं, दुसऱ्या माणसाकडचं, कुणाच्याच हातात नसलेलं.

उसाचं उदाहरण घ्या, रायबाग-चिक्कोडीच्या पोरांना लगेच कळेल. बेणं चांगलं निवडणं, लागण वेळेत करणं, पाणी आणि खताचा हप्ता, तण काढणं हे माझ्याकडचं. कारखान्याची नोंद मी करायची, पण तोडीची पाळी आणि टोळी कधी येणार ते दुसऱ्याकडचं: तिथं विचारणा करायची, पाठपुरावा करायचा, चिडून फायदा नाही. पाऊस आणि उसाला तुरा येणं ना त्याच्याकडं ना माझ्याकडं. सोपवायचं ते मुख्यतः तिसरं, आणि दुसऱ्यातला जेवढा भाग विचारणा करूनही उरतो तेवढा. पहिलं सोपवायचं नाही, करायचं. आपण पहिलं देवावर टाकतो आणि तिसऱ्याची काळजी रात्रभर स्वतः करतो, नेमकं उलटं.

रात्री दहा-पंधरा मिनिटं झाडा घ्यायचा. हीही इग्नातींचीच पाच पायऱ्यांची रीत: उपकार मानणं, चुका दिसाव्यात म्हणून कृपा मागणं, दिवस तासातासानं पाहणं, क्षमा मागणं, उद्यासाठी सुधारणेचा निश्चय. तेर्सानंतर (घरातल्या रोझरीनंतर) लगेच बसलं तर वेगळी वेळ काढावी लागत नाही. तिसऱ्या पायरीला सकाळची गोष्ट काढायची: सोपवलेलं मी दिवसात किती वेळा परत उचललं? मोबाईलवर निकाल किती वेळा उघडून पाहिला, हे चांगलं माप आहे.

मलप्रभा

तुरा आला की साखर उतरते आणि काळजी करणाऱ्याचं रक्त चढतं. तीन वाटे आवडले. पहिल्या शनिवारी हेच घ्या, गेथशेमाने दुसऱ्याला.

काजूबी

आणि मागून मागून मिळालंच नाही तर? थांबायचं कधी? पोरं हेच विचारणार बघा.

घटप्रभा

२ शमुवेल १२. नाथान संदेष्टा राजा दावीदाला सांगून गेलाय की त्याचं मूल मरणार. तरी दावीद सात दिवस उपास करून जमिनीवर पडून मागतोय. भविष्य ऐकूनही मागणं बंद केलं नाही. मूल गेल्यावर उठला, अंघोळ केली, कपडे बदलले, मंदिरात जाऊन नमन केलं, जेवला. चाकर चक्रावले, जिवंत होतं तेव्हा रडलास आणि आता जेवतोस? त्याचं उत्तर २२ आणि २३ व्या ओवीत आहे, पोरांना तिथनं वाचू दे. गोष्ट उघडी आहे तोवर मागायचं. मिटली की उठायचं.

पौलाचं वेगळं. २ करिंथ १२:८, शरीरातला काटा काढ अशी तीनदा विनंती केली, उत्तर आलं की कृपा पुरे, काटा काढला नाही. तिथं थांबला कारण उत्तर मिळालं.

उत्तरही नाही आणि गोष्ट मिटलेलीही नाही, असं बरंच असतं. त्यासाठी स्तोत्र १३ आहे, ‘कुठवर’ हा प्रश्न त्यात चारदा आहे. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची ओळ नाही. देवावर रागावून बोलणं हे सोपवण्याच्या विरुद्ध नाही. पाठ फिरवून गप्प बसणं विरुद्ध आहे.

मोहरीचा_दाणा

इथं एक जपा. कोरडेपणा वेगळा, आजार वेगळा. झोप नाही, जेवण नाही, दोन आठवडे कशातच मन नाही, मरणाचं बोलणं, असं दिसलं तर त्याला प्रार्थना वाढव म्हणू नका. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, डॉक्टरकडं न्या. सोबत प्रार्थना करा की, कोण अडवतंय.

शनिवारसंघ

सगळ्यांचे आभार. असं जुळवलंय: पहिला शनिवार तीन वाटे आणि रात्रीचा झाडा. दुसरा गेथशेमाने, मार्कच्या चार ओळी, सोबत दावीद. तिसरा कराराची प्रार्थना, मजकूर दुसऱ्या शनिवारीच हातात. चौथा चार रकाने. शेवटी सगळ्यांनी आपला निर्णय वेदीपुढं येऊन वाचून दाखवायचा. चालेल का? वेळ प्रत्येकी दीड तास.

मलप्रभा

वाचून दाखवणं काढा. वीस जणांसमोर वाचायचं म्हटलं की लोकांना आवडेल तेच लिहितात. कागद घडी करून स्वतःकडं ठेवायचा, ज्याला बोलायचंय त्यानं नंतर एकट्यानं फादरांशी नाहीतर पाळकांशी बोलावं.

तिसरं_गेट

चार रकाने शेवटच्या शनिवारी नकोत, तिसऱ्याला घ्या. वर मोहरीच म्हणाले ना, निर्णय देवापुढं ठेवून काही दिवस बघायचं. शेवटच्या दिवशी निर्णय झाला तर ते बघणार कोण, नंतर गट भेटतोय कुठं? कराराची प्रार्थना चौथ्याला. (होय, मी तक्त्याला वेळापत्रकात जागा करून देतोय. नोंद घ्यावी.)

मोहरीचा_दाणा

नोंद घेतली 😀 आणि बरोबर आहे तुमचं.

शनिवारसंघ

दोन्ही बदल केले. नंबरही खाली छापतो. आता एकच, गटातल्या चौघा-पाच जणांना मराठी बोलता येतं पण वाचायला कन्नडच बरं पडतं. अथणीकडची आहेत. रकान्यांचा कागद कुणी कन्नडात करून देईल का?

गोकाक_फॉल

मी देतो, गुरुवारपर्यंत पीडीएफ टाकतो. फक्त ‘न घेतल्याचे फायदे’ हा रकाना सगळ्यात पहिला ठेवतोय, डावीकडं वर. पोरं तिथनंच भरायला सुरू करतात, आणि शेवटच्या रकान्यापर्यंत येईतो कंटाळतात.